बाबासाहेब आंबेडकर यांचे कायद्याचे अध्यापन आणि विधिलेखन

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक व राजनीतिज्ञ होते. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्यापूर्वी १९२५ ते १९३८ या कालखंडात त्यांनी मुंबईत निरनिराळ्या टप्प्यांवर कायद्याचे अध्यापन केले. १९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मूळ साधने तपासणे, संज्ञांची व्याख्या निश्चित करणे, युक्तिवादाची क्रमवार मांडणी करणे आणि नेमक्या शब्दांत लिहिणे ही शिस्त त्यांच्या अध्यापनात, वकिलीत आणि मसुदालेखनात सारखीच आढळते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनकार्याच्या या अंगाचा आढावा घेतला आहे.

शिक्षण आणि विधिक्षेत्रातील प्रवेश

आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. सातारा व मुंबई येथे शालेय शिक्षण झाल्यावर भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले व पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. ची पदवी मिळवली.

मे १९१६ मध्ये त्यांनी कोलंबियातील एका चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात त्यांनी प्रथम सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकापुढे एक ठेवल्या, प्रत्येकीतील उणीव दाखवली आणि मग जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हे जातीचे मूळ लक्षण ठरवून आपली मीमांसा उभी केली. आधीच्या मतांचा प्रामाणिक आढावा घेऊन नंतरच आपले मत सांगण्याची ही रीत त्यांच्या पुढील बहुतेक ग्रंथांत दिसते.

१९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीच्या अभ्यासक्रमासाठी ग्रेज इन येथे नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परंतु अस्पृश्यतेमुळे त्या शहरात राहण्यास जागा मिळेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनी ती नोकरी सोडली. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या पगारातील बचत आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांना रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी. एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला.

आरंभीचे अध्यापन

वकिलीचा आरंभ कठीण होता. उच्च न्यायालयातील मोठी कामे सॉलिसिटरांच्या हातून येत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टराकडे ती सहसा येत नसत. त्यामुळे त्यांच्या वाट्याला मुख्यतः अपिले व जिल्हा न्यायालयांतील कामे आली. उपजीविकेला जोड म्हणून जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत त्यांनी मुंबईतील बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेला हा विषय म्हणजे त्यांच्या कायद्याच्या अध्यापनाची पहिली पायरी होय.

विद्यापीठीय शिक्षणाविषयी त्यांची मते याच सुमारास निश्चित झाली होती. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे १९२४ मध्ये त्यांनी लेखी साक्ष दिली. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेणारी संस्था राहू नये, तसेच पदवीचे अध्यापन आणि पदव्युत्तर संशोधन यांची फारकत करू नये, असे प्रतिपादन त्यांनी तीत केले. अध्यापनापासून तोडलेले संशोधन दुबळे होते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

शासकीय विधी महाविद्यालय

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झाले. देशातील कायद्याच्या शिक्षणाची ही एक अत्यंत जुनी संस्था आहे. जून १९२८ ते मार्च १९२९ या काळात आंबेडकर येथे प्राध्यापक होते. त्याच वर्षी सायमन आयोगाशी सहकार्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीवर ते होते आणि आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. पुढे गोलमेज परिषदा आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार या घडामोडींत त्यांचा बराच काळ गेला. जून १९३४ मध्ये ते अंशकालीन प्राध्यापक म्हणून महाविद्यालयात परतले.

या काळात त्यांनी इंग्लंडच्या संविधानावर दिलेल्या व्याख्यानांची टिपणे उपलब्ध आहेत. ए. व्ही. डायसी यांचा इंग्लंडच्या संविधानावरील ग्रंथ त्या वेळी विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागे. तो मूलतः इंग्रज वाचकांसाठी लिहिलेला असल्यामुळे तेथील राजपद, लॉर्डांचे सभागृह, संसदेची घडण आणि संकेत यांची माहिती वाचकाला आहे असे त्यात गृहीत धरलेले होते. हिंदुस्थानी विद्यार्थ्याला ही पार्श्वभूमी नसे. म्हणून डायसीचे सिद्धांत तो पाठ करी, पण त्यांचा आशय त्याच्या हाती लागत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी आंबेडकरांनी त्या गृहीत गोष्टीच आधी शिकवल्या. परक्या देशाचे विधिग्रंथ वाचताना लेखकाने न सांगितलेले काय आहे हे शोधावे, असा या व्याख्यानांचा अप्रत्यक्ष धडा होता.

प्राचार्यपद

जून १९३५ च्या आरंभी आंबेडकरांची प्राचार्यपदी नियुक्ती झाली. मुंबईचे सरन्यायाधीश अर्स्किन पेरी यांच्या नावाने असलेले विधिशास्त्राचे पेरी प्राध्यापकपदही त्यांच्याकडे आले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे निधन २७ मे १९३५ रोजी, म्हणजे अवघ्या काही दिवसांपूर्वी झाले होते.

प्राचार्यपदाची ही तीन वर्षे त्यांच्या सार्वजनिक जीवनातही अतिशय धकाधकीची होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणाचे निमंत्रण दिले. पण मंडळाला मजकुरात बदल हवे होते आणि त्यांनी ते करण्यास नकार दिल्यामुळे परिषदच रद्द झाली. तेच भाषण त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला, १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करणारे विधेयक मांडले. मे १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले.

विधिशिक्षणाच्या सुधारणेविषयी विचार

प्राचार्य असताना, १९३६ मध्ये, आंबेडकरांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेवर एक लेख लिहिला. चांगला वकील घडवायचा तर त्याच्या अंगी कोणते गुण यावेत हे प्रथम ठरवावे आणि मग अभ्यासक्रम त्या मापाने तपासावा, अशी या लेखाची मांडणी आहे.

वकिलाला कायद्याच्या मूलभूत तत्त्वांचे आकलन हवे, सामान्य ज्ञानाची भक्कम बैठक हवी आणि आपले ज्ञान पद्धतशीरपणे मांडण्याची कला हवी, असे ते म्हणतात. या कलेत विधानाची अचूकता, युक्तिवादाची तर्कशुद्धता आणि अभिव्यक्तीची स्पष्टता यांचा समावेश होतो. केवळ कायद्याची कलमे शिकून ही सिद्धता होत नाही. कायद्याला पूरक असलेल्या इतर विषयांचा अभ्यासही त्यासाठी आवश्यक असतो, अशी त्यांची भूमिका होती. त्या काळी मुंबई विद्यापीठात पदवीनंतर दोन वर्षांत कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करता येई आणि परीक्षेत पाठांतराला वाव होता. अशा व्यवस्थेत लेखन आणि मांडणी यांना स्वतंत्र कौशल्य मानून विधिशिक्षणात स्थान मागणे हे या लेखाचे वैशिष्ट्य होय.

अध्यापनाची टिपणे

महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात (१९९३) आंबेडकरांच्या विधिविषयक टिपणांचा समावेश आहे. पुरावा, मुदत, मालमत्ता हस्तांतरण, विश्वस्तव्यवस्था, विशिष्ट साहाय्य आदी विषयांवरील कायदे त्यांत आले आहेत.

ही टिपणे प्रकाशनासाठी लिहिलेली नव्हती. त्यांतील वाक्ये आखूड आहेत आणि मुद्द्यांना क्रमांक दिलेले आहेत. एखादी संज्ञा घ्यावी, तिचे घटक वेगळे करावेत, प्रत्येक घटकाचा अर्थ सांगावा आणि अपवाद नोंदवावेत, अशी त्यांची पद्धत आहे. पुढे संविधान सभेत एखाद्या दुरुस्तीला उत्तर देताना हीच पद्धत त्यांच्या भाषणांत दिसते.

न्यायालयातील पुराव्याची शिस्त

पुण्यात १९२६ मध्ये चाललेला ‘देशाचे दुश्मन’ खटला हा त्यांच्या वकिलीतील आरंभीचा गाजलेला खटला होय. लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर कठोर टीका करणाऱ्या या पुस्तकाबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे, के. ग. बागडे आणि रामचंद्र लाड यांना खालच्या न्यायालयाने बदनामीबद्दल शिक्षा ठोठावली होती. सत्र न्यायालयातील अपिलात आंबेडकरांनी पुस्तकातील मतांच्या वादात न शिरता, फिर्याद करणारा दूरचा नातेवाईक कायद्याच्या अर्थाने बाधित व्यक्ती ठरतो काय, या प्रश्नावर भर दिला. सर्व आरोपी निर्दोष सुटले. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात त्यांनी कर्व्यांची बाजू मांडली. त्यात मात्र यश आले नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा आहे. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाजाने या तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी त्याचे पाणी न घेण्याची रूढी प्राचीन आहे, असे वादींचे म्हणणे होते.

रूढीला कायद्याचे बळ मिळवायचे तर ती स्मरणातीत काळापासून अखंड चालत आल्याचे सिद्ध करावे लागते आणि ते सिद्ध करण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर असतो. त्यामुळे वादाचा रोख धर्मशास्त्राकडून कागदपत्रे, साक्षी, तळ्याचे वय आणि नगरपालिकेच्या मालकीचा पुरावा यांकडे वळला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने आणि १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने वादींच्या विरुद्ध निकाल दिला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अशी स्मरणातीत रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी ठरवले.

हा निकाल लागला तेव्हा आंबेडकर शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इलाख्यातील प्रमुख विधी महाविद्यालयाचा प्राचार्य सार्वजनिक तळ्यातील पाणी पिण्याच्या हक्कासाठी त्याच इलाख्याच्या उच्च न्यायालयात प्रतिवादी होता. तळ्यावर पाऊल टाकल्यापासून हक्कावर अंतिम शिक्कामोर्तब होईपर्यंत दहा वर्षे गेली.

अध्यापनोत्तर विधिलेखन

२९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आंबेडकरांनी काळे स्मृती व्याख्यान दिले. १९३५ च्या कायद्याने योजलेल्या संघराज्याची कलमवार चिकित्सा त्यात होती.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याच वर्षी औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा संमत झाला. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेच्या मालकाने नोकरीच्या अटी लेखी स्वरूपात मांडाव्यात, त्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्याव्यात आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही प्रवेशद्वाराजवळ लावाव्यात, असे या कायद्याने बंधनकारक केले. तोपर्यंत रजा, हजेरी, दंड आणि बडतर्फी यांचे नियम पुष्कळ ठिकाणी मालकाच्या तोंडी मर्जीवर चालत. नियम लिहिला गेल्यामुळे त्यावर दाद मागणे शक्य झाले.

१९४७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन त्यांच्या मसुदालेखनाचा उत्तम नमुना आहे. त्यात प्रथम संविधानाच्या कलमांच्या रूपात मागण्या मांडल्या असून नंतर प्रत्येक तरतुदीमागील कारणे स्वतंत्र स्पष्टीकरणात दिली आहेत.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधान सभेने मसुदा समिती नेमली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी तयार केलेला आराखडा आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे साहाय्य समितीला लाभले. समितीचे काही सदस्य निधन, राजीनामा, प्रकृती व अन्य कामे यांमुळे पूर्ण वेळ देऊ शकले नाहीत आणि कामाचा मोठा भार अध्यक्षांवर आला, हे समितीचेच सदस्य टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभेत सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेपुढे विचारार्थ मांडलेल्या मसुद्यात ३१५ कलमे व ८ परिशिष्टे होती. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत संविधानात ३९५ कलमे व ८ परिशिष्टे होती. एकूण ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आंबेडकरांनी कलमामागून कलम घेऊन यांपैकी कित्येकांना उत्तरे दिली.

कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल पुढे नेले. वारसा, विवाह, घटस्फोट व दत्तक यांविषयीच्या निरनिराळ्या प्रथा आणि मिताक्षरा व दायभाग या परंपरा यांच्या जागी एक सुसंगत संहिता आणण्याचा हा प्रयत्न होता. विधेयक रेंगाळल्यामुळे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यातील पुष्कळ तरतुदी १९५५-५६ च्या चार स्वतंत्र कायद्यांतून अमलात आल्या.

शिक्षणसंस्था

८ जुलै १९४५ रोजी आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. हे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १९५६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, संस्थेचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय मुंबईत सुरू झाले.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराशी संबंध

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे जिल्हा विधी ग्रंथालयाच्या सभासदांपुढे आंबेडकरांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी आवश्यक असलेल्या अटींवर भाषण केले. समाजात तीव्र विषमता नसणे, विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायदा व प्रशासन यांपुढील समानता, घटनात्मक नीतिमत्ता आणि सार्वजनिक सदसद्विवेक हे त्यातील प्रमुख मुद्दे होते. वकिलांपुढे बोलतानाही त्यांनी लिखित कायद्याची मर्यादा दाखवली: कायदा नेमका लिहिला तरी तो पाळणारा समाज तयार व्हावा लागतो.

पुण्याच्या वायव्येस मुंबई रस्त्यावरील तळेगाव दाभाडे येथे त्यांचे निवासस्थान होते. रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९२७ मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. देहूरोडचे हे ठिकाण आज पिंपरी-चिंचवडला लागून आहे आणि धम्मभूमी म्हणून ओळखले जाते. त्या वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आकार घेत होता. पुढे या पट्ट्यात आणि चाकण परिसरात मोठी औद्योगिक वसाहत वाढली. येथील कारखान्यांच्या प्रवेशद्वारांशी अनेक दशके लागलेले स्थायी आदेश हे त्यांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळातील कायद्याचे दृश्य रूप होते.

वारसा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, आंबेडकरांचे दिल्लीत निधन झाले. १९९० मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. पुण्यातील सिम्बायोसिसच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत.

प्रत्यक्ष अध्यापनाची त्यांची वर्षे थोडी होती आणि तीही सलग नव्हती. तथापि वकिलाच्या शिक्षणात अचूक विधान, तर्कशुद्ध क्रम आणि स्पष्ट भाषा यांना त्यांनी दिलेले स्थान आजच्या विधी महाविद्यालयांतील संशोधन व लेखनाच्या अभ्यासक्रमांशी थेट जुळणारे आहे. चवदार तळ्याचा दावा, स्थायी आदेशांचा कायदा आणि संविधानाचा मसुदा यांतून या गुणांचा व्यवहारातील अर्थ कळतो. ज्यांच्या बाजूने रूढी, संपत्ती वा सत्ता नव्हती, त्यांच्या हाती नीट सिद्ध केलेला पुरावा आणि नीट लिहिलेला नियम हे साधन आले.